जिप्सीत बलेनोचे इंजिन: मूळ ईसीयू ठेवावा की स्टँडअलोन घ्यावा?

कार्बोरेटरवाल्या जिप्सीत जुन्या बलेनोचे १६०० सीसी इंजिन बसवताना ईसीयू (इंजिनाचे इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) बलेनोचाच ठेवावा की स्टँडअलोन (हवा तसा प्रोग्रॅम करता येणारा स्वतंत्र ईसीयू) घ्यावा, असे आपण विचारले आहे. इंजिन आतून मूळ स्थितीत राहणार असेल, तर बलेनोचाच ठेवावा. थंड इंजिन सुरू करणे, एसी लागताच आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) सावरणे ही कामे कंपनीने ज्या बारकाईने बसवलेली असतात, ती नव्याने बसवून घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

मात्र नुसता ईसीयूचा डबा आणून भागत नाही. पूर्ण वायरिंग, सर्व सेन्सर आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारे किल्लीचे कुलूप) असल्यास त्याची किल्ली एकाच गाडीची हवी. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर कापलेले वायरिंग स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. कार्बोरेटरचा पंप जेमतेम ०.३ बार दाब देतो आणि इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो, त्यामुळे टाकीतला पंप आणि रिटर्न लाइन हा खर्च आताच धरावा. आरटीओची पूर्वपरवानगीही आधीच घ्यावी; मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ती आवश्यक आहे.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलणार असाल किंवा टर्बो लावणार असाल, तर स्टँडअलोनला पर्याय नाही. तेव्हा ब्रँडआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तो ईसीयू आपल्या इंजिनाचा क्रँक-कॅम सेन्सरचा (इंजिन फिरताना कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा) पॅटर्न वाचतो का, आणि त्यावर हात बसलेला ट्यूनर नाशकात किंवा निदान पुण्या-मुंबईत आहे का. स्पीडुइनो हा स्टँडअलोन ईसीयू स्वस्त आहे खरा, पण ट्यूनर नसेल तर तो महागच पडतो.

ट्यूनिंगची सुरुवात इंधनाच्या तक्त्यापासून नव्हे, टायमिंग लाइटपासून (ठिणगी नेमकी कधी पडते ते पुलीवर दाखवणाऱ्या दिव्यापासून) करावी. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून पुलीवरची खूण पाहावी. ती १० वर दिसत नसेल किंवा आरपीएम वाढवताच सरकत असेल, तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ आहेत. त्यानंतर इंजेक्टरचा फ्लो आणि डेड टाइम (आदेश मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ) भरावा. नाशकात डिझेल इंजेक्टर बनवणाऱ्या मायको (आताच्या बॉश) कंपनीमुळे इंजेक्टर म्हटले की डिझेलच आठवते, तेव्हा पेट्रोल इंजेक्टर मोजणारा बेंच मुद्दाम शोधावा लागेल. डेड टाइम चुकला, तर हेडलाइट आणि पंखा लागून व्होल्टेज उतरताच आयडलचे मिश्रण बिघडते.

हवा-इंधनाचे मिश्रण वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर) आणि लॅम्डातच (त्या इंधनाच्या आदर्श मिश्रणाला १.० मानणाऱ्या मापातच) मोजावे, कारण ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला १४.७ हे हवा-इंधनाचे जुने गुणोत्तर लागू पडत नाही. त्याचे सुमारे १३.५ येते. एकसमान वेगात लॅम्डा १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ ठेवावे. पूर्ण लोडचे टायमिंग डायनोवरच (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच), थोडे थोडे वाढवत ठरवावे. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबावे आणि नॉक (इंजिनातली टकटक) ऐकू आला तर लगेच मागे यावे. कसारा घाटाची चढण फक्त लॉग (ईसीयूने नोंदलेले आकडे) तपासण्यासाठी वापरावी, आणि तेव्हा लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर असावा.

थंड स्टार्टची सेटिंग शेवटी राहते. इंजिन रात्रभर गार झाल्यावर सकाळी ती एकदाच तपासता येते, म्हणून जानेवारीतल्या थंडीत गाडी काही दिवस ट्यूनरकडेच ठेवावी.