बाईकला फॉग लाइट लावल्यापासून १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतोय, २०चा टाकला तर चालेल का?

नाही, २०चा अजिबात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की ५५ वॅटचे दोन हॅलोजन पार्किंगच्या वायरीला पिळून जोडलेत, फ्यूज कधी लगेच उडतो कधी पाच-दहा मिनिटांनी, आणि मेकॅनिक म्हणतो मोठा टाक, विषय संपला. पण फ्यूज लाइटसाठी नसतोच हो, वायरीसाठी असतो. वायर तापायच्या आत तो जळायला हवा. २०चा टाकलात तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल.

माझ्या गाडीचं हेच झालं. एका गॅरेजमध्ये फ्यूज मिळाला नाही म्हणून तांब्याची तार गुंडाळून दिली, मी घाईत होतो, बघितलं नाही. आठवड्याभराने रात्री खंबाटकी घाटात जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला आणि सगळे दिवे गेले. सकाळी टाकी काढली तर हँडलच्या मानेजवळ तीन वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, आतलं तांबं काळं पडलेलं. आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली! तेव्हापासून मोजल्याशिवाय मी गाडीला काही जोडत नाही.

हिशोब सोपा आहे, वॅट भागिले व्होल्ट. ५५ दुणे ११०, भागिले १२, म्हणजे ९ अँपिअरच्या वर नुसते हॅलोजनच गेले, त्यात त्याच फ्यूजवर पार्किंग, टेललाइट, आणि ब्रेक किंवा हॉर्न दाबला की अजून तीन-चार. १०चा पात्याचा फ्यूज बरोबर १०ला उडत नाही, ११ अँपिअरवर तो तासन् तास टिकतो, साडेतेराला काही सेकंद ते १० मिनिटं घेतो, २०ला पाच सेकंदांच्या आत जातो. म्हणून तुमचा कधी लगेच, कधी उशिरा उडतोय.

मोजायचं असेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. लाल प्रोब, म्हणजे मीटरची लाल वायर, १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉब डीसी अँपिअरवर, फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पिनांच्या जागी मीटरची दोन टोकं लावा, म्हणजे करंट मीटरमधूनच जाईल. दोन्ही हॅलोजन एकदम चालू ठेवून मोजू नका, १०च्या वर गेलं तर मीटरचाच फ्यूज जाईल, एकाची पिन काढा. आकडा दिसला की लगेच बंद करा, बऱ्याच मीटरांना त्या भोकातून जास्त वेळ करंट चालत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावून मोजत असाल तर चुकूनही सेल्फ मारू नका. आणि झाल्यावर लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात, हे विसरलात आणि नंतर बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात तर थेट शॉर्ट.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, घेणार असाल तर डीसी मोजणारा आहे ना बघून घ्या, घरच्या लाइटीसाठीचे बरेच फक्त एसीच दाखवतात.

माझं ऐकाल तर हॅलोजन काढाच, छोट्या गाडीचं चार्जिंग एवढं झेपणारं नसतं. २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे साधारण ३.३ अँपिअर, त्याला ५चा फ्यूज. पण बॉक्सवरच्या वॅटवर जाऊ नका, मी घेतलेल्या एकावर ४० वॅट छापलं होतं आणि मीटरवर आले १.४ अँपिअर, म्हणजे १८ वॅटसुद्धा नाही. लाइन बॅटरीवरून वेगळी काढा, मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. पार्किंगची वायर फक्त रिलेला सिग्नल द्यायला वापरा.

रंग लक्षात ठेवा, ५ फिकट खाकी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. १०च्या जागी आधीच पिवळा बसवलेला असेल तर आज गाडी काढायच्या आधी तो बदला.