कोकण किनाऱ्याने सायकलने जाताना वाहनांची वर्दळ टाळायची असेल तर कोणता रस्ता घ्यावा? तरीने, म्हणजे माणसे आणि वाहने पलीकडे नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडली तर सफर अपुरी ठरते का?

तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की जळगावच्या एका अनुभवी सायकलस्वाराने तुम्हाला मुंबई–गोवा महामार्गानेच जाण्याचा सल्ला दिला, कारण किनाऱ्याच्या रस्त्यावर वरचेवर खाडी आडवी येते, सायकल तरीत चढवावी लागते आणि मग ‘सलग सायकलने गेलो’ असे म्हणता येत नाही. हेच म्हणणे मी माझ्या घरात पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. ते चुकीचे आहे आणि नवख्या माणसाच्या जिवावर बेतू शकते, असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ज्यावर एकही मोटार येत नाही असा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग कोकणात नाही. परदेशातील असे मार्ग पाहून आपल्याकडेही ते असतील अशी आशा वाटते, परंतु त्यांची घडण वेगळी आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टॉ आणि टॉरिज या नद्यांच्या मुखालगत आणि पुढे आत ब्रॉन्टन ते मीथ अशी सुमारे ५० किलोमीटरची, जवळजवळ पूर्णपणे वाहनमुक्त वाट आहे. ती बंद पडलेल्या लोहमार्गाच्या भरावावरून जाते, म्हणून तिला तीव्र चढउतार नाहीत. कोकणात किनाऱ्यालगत लोहमार्ग कधी झालाच नाही. कोकण रेल्वे आतल्या बाजूने गेली आणि तीही १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हा मोकळा पडलेला भराव येणार कोठून?

आपल्याकडे वाहने दूर ठेवण्याचे काम खाड्या करतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना एवढ्या रुंद होतात की किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक मुखाशी तुटतो. ज्याला माल घेऊन रायगडातून रत्नागिरीला जायचे आहे, तो ट्रकचालक तरीची वाट पाहत बसत नाही. तो महामार्ग धरतो. दोन खाड्यांच्या मधल्या पट्ट्यात उरतात त्या एस.टी. गाड्या, रिक्षा, दुचाक्या आणि मासळीचे टेम्पो. म्हणजे ज्या तरीमुळे सफर ‘तुटते’ असे तुम्हाला सांगितले गेले, त्या तरीमुळेच तो रस्ता सायकलसाठी राहिला आहे. एवढी साधी गोष्ट माझ्या थोरल्या चुलतभावांना, ज्यांना आम्ही सर्व जण नाना म्हणतो, मी आजतागायत पटवू शकलेलो नाही.

नाना आणि मी महाडहून मंडणगड मार्गे दापोलीकडे गेलो होतो. हा आतला रस्ता नानांनीच ठरवला होता, कारण त्यात कोठेही तरीने पाणी ओलांडावे लागत नव्हते. आंजर्ले आणि हर्णै पाहून आम्ही दाभोळचा उतार उतरलो, तेव्हा समोर वाशिष्ठीची खाडी होती आणि पलीकडच्या तीरावर धोपाव्याचा धक्का स्पष्ट दिसत होता. तेथे मोटारी वाहून नेणारी तर आहे, जिला त्या भागात जंगलजेट्टी म्हणतात. नाना धक्क्यावर उतरले, त्यांनी तरीकडे पाहिले आणि म्हणाले, “पाण्यावरून गेलेला रस्ता मी मोजणार नाही. तुला जायचे तर तू जा.” मी म्हणालो, “नाना, पलीकडचा तीर दिसतो आहे. वळसा घालायचा तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला यावे लागेल. शंभराहून अधिक किलोमीटर होतील.” त्यांनी सायकल वळवली आणि जो चढ आम्ही नुकताच उतरलो होतो तो चढायला लागले.

मी तरीत गेलो. तरीवरच्या मुलाने माझी सायकल कठड्याला टेकवली, जुन्या ट्यूबची एक पट्टी खिशातून काढली आणि पुढच्या ब्रेकची मूठ हॅन्डलला आवळून बांधली, म्हणजे बोट हलली तरी चाक फिरणार नाही. (ही युक्ती मी तेव्हापासून रेल्वेच्या डब्यातही वापरतो, तुम्हीही अशी एक पट्टी जवळ ठेवा.) शेजारी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन दोघी बायका बसल्या होत्या. साखळ्यांवरची लोखंडी फळी वर उचलली गेली आणि पलीकडे धोपाव्याच्या उतारावर पुन्हा टेकली, तोपर्यंत मला पाणी पिण्यापुरताच वेळ मिळाला होता. तेथून गुहागरपर्यंत जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), काजूची झाडे आणि मधूनच खाली दिसणारा समुद्र. मागून हॉर्न वाजला तो केवळ एका एस.टी.चा, आणि तिचा चालक माझ्यामागे चढ संपेपर्यंत धीराने थांबला. दुपारच्या जेवणाच्या आत मी गुहागरला होतो.

नाना आले ते अंधार पडल्यावर. खेडच्या पुढे ते महामार्गाला लागले होते आणि परशुराम घाटाच्या उतारावर एका कंटेनरने ओलांडून जाताना त्यांना कडेच्या खडीत दाबले. सायकल घसरली, कोपर सोलून निघाले आणि डाव्या बाजूची ब्रेकची मूठ आत वाकली. त्या स्थितीत ते पुढे चिपळूणहून गुहागरपर्यंत आले, हे त्यांच्या जिद्दीचे आहे आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. मात्र त्यानंतर गेली कित्येक वर्षे घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ते सांगतात की त्यांची सफर अखंड झाली आणि माझी बोटीने झाली. चार माणसांसमोर ते ऐकताना मला अजूनही लागते.

त्यांना मी जे सांगतो ते तुम्हालाही सांगतो. आपल्या खानदेशात शहादा, प्रकाशा या बाजूने नर्मदेचे परिक्रमावासी जाताना आपण पाहतो. ती परिक्रमा पायी करायची असते आणि तिचे नियम सायकलस्वारांच्या कोणत्याही नियमांपेक्षा कडक आहेत. तरीही नदी जेथे समुद्राला मिळते तेथे परिक्रमावासी विमलेश्वरहून नावेत बसतात आणि मिठी तलाईला उतरतात. त्यांची परिक्रमा खंडित झाली असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. मग दाभोळला पाच-दहा मिनिटे तरीत उभ्या राहिलेल्या माणसाचीच सफर कशी तुटते?

आता रस्त्याविषयी. जळगाव किंवा भुसावळहून रेल्वेने मुंबई गाठावी आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो (मोटारीही नेणाऱ्या) बोटीत सायकल चढवावी. म्हणजे मुंबई आणि पनवेलच्या वर्दळीला हातही लावावा लागत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याहून तरीने दिघी. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडी, आरावी मार्गे जाणारा रस्ता चुकवू नये. समुद्राला इतका खेटून जाणारा आणि एवढा शांत रस्ता माझ्या पाहण्यात दुसरा नाही. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याहून तरीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ आणि तेथून वर लिहिलेला गुहागरचा भाग. वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळला यावे, तरीने जयगडला उतरावे आणि मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे मार्गे रत्नागिरी गाठावी. रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण हा रस्ताही चांगला आहे, पण वरच्या भागाइतका निवांत नाही.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीशी किंवा उजव्या खांद्यावर राहतो.

‘खानदेशची माणसे सपाटीची, त्यांना कोकण झेपणार नाही’ हेही तुम्हाला सांगितले गेले आहे. ज्याने तोरणमाळचा घाट सायकलने चढलेला नाही त्याने असे बोलू नये. कोकणात एकच मोठा घाट नसतो; गाव समुद्रसपाटीला, मग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, नेणारा छोटा पण उभा चढ, सड्यावर सावली नसलेला सपाट भाग आणि पुन्हा खाडीपर्यंत उतार, असे दिवसभर चालते. पुढच्या बाजूला कमी दात्यांचे लहान चक्र असलेली सायकल घ्या आणि सातपुड्याच्या कोणत्याही घाटात महिनाभर सराव करा, तेवढे पुरे आहे. आपल्याकडे बाभळीचा काटा टायरचा शत्रू असतो, तिकडे मीठ साखळीचा शत्रू आहे. ओहोटीच्या घट्ट वाळूवर सायकल चालवण्याचा मोह सर्वांना होतो. तो टाळावा, आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे.

काही अपवाद सांगायचे राहिले. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या अखेरीस अलिबाग ते काशीद आणि गणपतीपुळे ते आरे-वारे या रस्त्यांवर पर्यटकांच्या मोटारींची रांग असते, तेव्हा माझे वरील सर्व वर्णन तेथे लागू पडत नाही. दिघी आणि जयगड येथे मोठी बंदरे आहेत; त्या बंदरांहून आत महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अवजड वाहने असतात, म्हणून तरीतून उतरल्यावर किनाऱ्याचाच फाटा धरावा. पावसाळ्यात जाऊ नये. रात्री तरीची फेरी मिळत नाही, त्यामुळे शेवटच्या फेरीची वेळ आदल्या मुक्कामीच विचारून घ्यावी. आणि रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाड्यांवर पूल आहेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षे तसेच उभे होते, पण सर्वच कामे तशी रेंगाळतील असे गृहीत धरू नका. गावकऱ्यांना पूल हवेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. रात्री रुग्ण घेऊन धक्क्यावर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर येते. मात्र पूल झाल्यावर ट्रकही येतील, म्हणून जायचे असेल तर येत्या हिवाळ्यातच जा.

परतीसाठी रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस पकडा, ती थेट भुसावळला येते. सायकल लगेजमध्ये नोंदवण्यासाठी गाडीच्या वेळेआधी दोन तास स्थानकावर पोचा.