फायरवॉल नंतर, आधी यादी

अरे, कंपनीची सायबर सुरक्षा उभी करायची म्हणतोस, तर फायरवॉल (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा) कुठला घ्यायचा ते नंतर बघ. आधी साधी एक्सेल शीट उघड आणि कंपनीत कोणती यंत्रं नि खाती आहेत त्याची यादी कर. सर्व्हर, लॅपटॉप सगळेच लिहितात. राहून जातात ते नोकरी सोडून गेलेल्याचं अजून चालू असलेलं खातं, नाहीतर चाचणीपुरता उभा केलेला आणि मग विसरलेला सर्व्हर. प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार कोण ते लिही. 'आयटी विभाग' चालणार नाही, माणसाचं नाव हवं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता! पण यादीतच नसलेल्या मशीनला पॅच लावणार कोण?

मग धोके लिही. प्रत्येक धोक्याची शक्यता आणि त्यातून होणारं नुकसान, दोन्हींना १ ते ५ गुण दे, गुणाकार कर. हिशेब ढोबळच, पण क्रम लावायला पुरतो. नुकसानीचा आकडा मात्र स्वतः ठरवू नकोस, ती यंत्रणा रोज वापरणाऱ्यांना विचार.