वर्गात टीव्ही आलाय, पण मुलांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या हाती द्यावा का?

द्या. पण नुसता रिमोट देऊन भागणार नाही, तो कशासाठी लावायचा हे ठरवतानाही त्यांना विचारा.

मी यवतमाळकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी शिकवते. लोकवर्गणीतून टीव्ही आला, तेव्हा दोन महिने रिमोट माझ्या पर्समध्येच होता. काही बिघडलं तर गावाला काय सांगू, ही धास्ती! एक दिवस मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, इथून काहीच नाही दिसत." मी कायम पुढे उभी, खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो हे मला कळणार कुठून? दुसऱ्या दिवशी पोरांनी खिडकीला बारदाना लावला. रिमोट त्या दिवशी पर्समधून बाहेर आला.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड तुम्ही वापरत असालच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी आपल्या वर्गात वापरून पाहिले होते. (२०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली.) आमच्याकडे धड्याआधी दोन मुलं कोड स्कॅन करून व्हिडिओ बघतात आणि "दाखवण्यासारखा आहे की नाही" ते सांगतात. फार कडक परीक्षक आहेत.

खरी गंमत आली बोलून टाइप करण्यात. एकाने फोनसमोर म्हटलं, "तुले कायले पाह्यजे?" फोनने भलतंच काहीतरी उमटवलं. वर्ग हसून लोळला. मग आम्ही एक वही केली: डाव्या पानावर आपण बोललो ते, उजव्या पानावर फोनने लिहिलं ते. मी साताऱ्याची, त्यामुळे डाव्या पानावरचे निम्मे शब्द मला नवे. पोरं घरून आजीला विचारून आणखी शब्द आणायला लागली. आठवड्याभरात चौथीतल्या एकाने ओळखलं, "बाई, तुमचा 'ला' तो आमचा 'ले'. मले, तुले, त्याले." विभक्ती प्रत्ययाचा तक्ता त्याच तासाला फळ्यावर मांडला. एरवी तो तक्ता म्हणजे जांभयांचा तास असतो.

एक चूक मात्र माझी झाली, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला सगळं एकाच हुशार मुलाकडे सोपवलं. पंधरा दिवसांत तो साहेब झाला, मुलींना तर वायरीला हात लावू देईना. आता हजेरीपटाच्या क्रमाने दर आठवड्याला दोघं बदलतात. पासवर्ड आणि मुलांचे फोटो मात्र माझ्याकडेच राहतात, त्यात तडजोड नाही.

पोरांच्या हट्टापायी पाळीच्या यादीत शेवटी माझंही नाव आहे. गेल्या पाळीला मी वायर उलटी खुपसत होते, तर मागच्या रांगेतली ती बारदानावाली म्हणाली, "बाई, तुम्ही बसा. मी दाखवते, पण लावायची तुम्हीच."