थेट इंजेक्शनच्या इंजिनातील कार्बन पेट्रोलमधल्या क्लीनरने निघतो का?

रत्नागिरी शहरात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणारी आपली टर्बो पेट्रोल गाडी सकाळी थरथरते, म्हणून टाकीत क्लीनर ओतावा का, असे आपण विचारले आहे. इनटेक व्हॉल्व्हवरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेवरचा, कार्बन त्याने निघणार नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने जुन्या एमपीएफआय (व्हॉल्व्हच्या आधीच्या मार्गात पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाप्रमाणे व्हॉल्व्हची मागची बाजू पेट्रोलने धुतली जात नाही, आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातून) परत येणारी ऑइलची वाफ तिथे बसून भाजली जाते. क्लीनरचा उपयोग इंजेक्टरला आणि ज्वलनकक्षाला होतो, तेवढाच.

खर्चात पडण्यापूर्वी स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल अवश्य तपासून घ्यावेत, कारण कोकणातल्या पावसाळ्यात तिथे ओल शिरूनही इंजिन असेच थरथरते. मग बोरस्कोपने (आत घालता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह पाहावेत. काळा, खरबरीत थर जाड दिसल्यास मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा पुरवणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारणे हाच माझ्या मते खात्रीचा उपाय आहे. कार्बन सुटतो, धातूला ओरखडा पडत नाही. मात्र ज्या सिलिंडरचे काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असलेच पाहिजेत, अन्यथा भुगा आत जाईल. हे मेकॅनिकला आधीच स्पष्ट सांगावे.

पुढे थर हळू साचावा म्हणून पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे, ते मुदतीआधी बदलावे आणि आठवड्यातून एकदा हातखंब्यापलीकडे महामार्गावर अर्धा तास गाडी चालवावी, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जाते.