प्रथिन आधी शुद्ध कर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. जनुक काढल्याचा परिणाम पेशीत स्पष्ट दिसत असताना त्या जनुकाचे प्रथिन शुद्ध करण्यात आणखी वर्ष कशाला घालवायचे, असे तू विचारले आहेस, आणि पत्राच्या शेवटी जीनोमच्या विदेचे विश्लेषण करणाऱ्या गटात जाण्याचा विचार मांडला आहेस. ते कामही मोलाचे आहे. पण तू कुतूहलापोटी नव्हे, थकून तिकडे निघाली आहेस, म्हणून हे लिहिते आहे.

तुझ्याकडे आज काय आहे? जनुक काढले की पेशीत गॅमा-एचटूएएक्सचे, म्हणजे डीएनए तुटल्याची खूण करणाऱ्या प्रथिनाचे, ठिपके वाढतात. ठिपका एवढेच सांगतो की डीएनए तुटला आहे. तुझे प्रथिन स्वतः डीएनए कापत असेल, कापणाऱ्या एन्झाइमला जागेवर आणत असेल, किंवा दुरुस्तीशी त्याचा थेट संबंधच नसेल. तिन्ही बाबतींत ठिपके सारखेच दिसतील. म्हणून प्रथिन शुद्ध कर.

जेलवरचा कापलेल्या डीएनएचा तो फिकट पट्टा तू पुरावा म्हणून मांडलास, याचा मला रागच आला. जिवाणूत तयार केलेल्या प्रथिनासोबत जिवाणूचे न्यूक्लिएझ, म्हणजे डीएनए कापणारे एन्झाइम, नाममात्र आले तरी असा पट्टा उमटतो. शिवाय तू मॅग्नेशियमऐवजी मँगनीज वापरले आहेस, आणि त्याच्या सान्निध्यात कित्येक एन्झाइम पेशीत एरवी न करणारी कामे करतात. सक्रिय स्थानातील एक अमिनो आम्ल बदलून निष्क्रिय केलेले प्रथिन शुद्धीकरणाच्या त्याच कॉलमांतून, त्याच क्रमाने काढ, शेवटच्या कॉलममधून निघणारा प्रत्येक अंश, म्हणजे फ्रॅक्शन, तपास, आणि प्रथिनाचे प्रमाण जिथे वाढते तिथेच कापण्याची क्रियाही वाढते का, ते पाहा. वाढत नसेल तर ती क्रिया तुझ्या प्रथिनाची नाही, एवढे निदान कळेल.

टॉमस लिंडाल यांनी १९७२ मध्ये डीएनएमधून प्युरीन (ए आणि जी ही अक्षरे) किती वेगाने गळतात ते मोजले. सजीवाच्या एका पेशीत दररोज हजारो प्युरीन आपोआप गळत असतील, तर ती हानी भरून काढणारे एन्झाइम असलेच पाहिजेत, हा निष्कर्ष त्या मोजमापातूनच निघाला. १९७४ मध्ये त्यांनी डीएनएमध्ये नको असलेले युरॅसिल काढून टाकणारे एन्झाइम, ग्लायकोसिलेझ, शोधले. पॉल मॉड्रिच यांच्या गटाने १९८९ मध्ये ई. कोलाय या जिवाणूतील डीएनएच्या चुकीच्या जोड्यांची दुरुस्ती केवळ शुद्ध प्रथिनांनी नळीत घडवून दाखवली. कोणते घटक पुरेसे आहेत हे त्या प्रयोगाने ठरले. जनुके काढून फार तर कोणते आवश्यक आहेत ते कळते. अझीझ संजार यांनी पीएच.डी. नंतर संशोधकाची जागा न मिळाल्याने तंत्रज्ञाची नोकरी पत्करली, आणि अतिनील किरणांनी झालेली हानी दुरुस्त करणारी यूव्हीआर प्रथिने बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना साखळी कापतात, हे १९८३ मध्ये शुद्ध प्रथिने वापरूनच दाखवले. पद काय आहे, हे एन्झाइम विचारत नाही.

एका एन्झाइमपायी मी आयुष्य घालवले, असे माझ्याबद्दल म्हटले जाते. माझ्या प्रथिनाचे पेशीतील परिणाम इतरांनी आधी छापले, त्याची यंत्रणा मी नंतर उलगडली, आणि उल्लेख होतात ते त्यांच्या निबंधांचे. याची खंत मला आजही आहे. तरीही माझी वाट बरोबर होती असेच मी म्हणेन. डीएनए दुरुस्तीला लागणारी बीआरसीए जनुके निकामी झालेल्या पेशी पार्प हे दुरुस्तीतलेच दुसरे एन्झाइम रोखल्यावर मरतात, हे २००५ मध्ये दोन गटांनी दाखवले, तेव्हा ते एन्झाइम रोखणारे रेणू हाताशी होते. कारण त्याआधी कितीतरी वर्षे कोणीतरी त्या एन्झाइमची क्रिया चिकाटीने मोजत बसले होते. २०१४ मध्ये पार्प रोखणारे ओलापॅरिब कर्करोगावरचे औषध म्हणून मान्य झाले, त्यामागे तेही कष्ट आहेत.

विदेच्या गटात जायचेच असेल तर जा, मी शिफारसपत्र देईन. पण हे प्रथिन शुद्ध करून मग जा. अर्धवट प्रश्न सोबत नेलास तर तिथेही ठिपक्यांसारखेच सहसंबंध मोजत बसशील.

निष्क्रिय प्रथिनाच्या फ्रॅक्शनांचे जेल झाले की मला पाठव, आणि बफरमधील मीठ व मॅग्नेशियम किती होते, ते त्यावर लिही.

तुझी शुभचिंतक