पणजीला निघालीच आहेस तर

अगं पत्रकारबाई,

काल गावदेवी मार्केटात तुझी आई भेटली, म्हणाली गोव्याच्या मराठी पेपरात लागलीये, शनिवारी कोकणकन्या आहे आणि तिकीट अजून वेटिंग ४. मला आधी सांगायला काय झालं होतं? असो. सहा वर्षं काढलीत मी तिथं, त्यामुळे तू विचारलं नाहीस तरी सांगणारच.

तुला वाटत असेल ठाण्यात महापालिका कव्हर केली, आता गोवा म्हणजे निवांत. तसं नाहीये. इथं तू एखाद्या नगरसेवकाची कुंडली मांडलीस तरी दुसऱ्या दिवशी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तो कुठेतरी अडकलेला आणि तू कुठेतरी. तिथं तोच माणूस सकाळी मासळी मार्केटात तुझ्या शेजारी बांगडे निवडत उभा असतो, वर विचारतो, काय, नवी रूम मिळाली का? अख्ख्या राज्याचे आमदार ४०, आणि एकेका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. २०२२ ला पणजीत बाबूश मोन्सेरात आणि उत्पल पर्रीकर यांच्यात फरक किती होता माहितीये? ७१६ मतं. एवढी तर आपल्याकडे एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये निघतील. म्हणून तिथल्या आमदाराला घरोघरचं बारसं-बारावं पाठ असतं आणि पेपरात आपलं नाव कसं आलंय ते तो स्वतः वाचतो, पीएवर सोडत नाही.

धमक्यांना घाबरू नकोस, त्या कमीच येतात. घाबरायचं ते आपुलकीला. घरी आंबे येतील, चवथीला, म्हणजे गणपतीला बोलावणं येईल, आईला घेऊन आलीस तर गाडी पाठवतो म्हणतील, आणि बरेचदा ते मनापासूनच असतं हीच तर पंचाईत आहे. चवथीला जा, जेव, नाही म्हणू नकोस. गाडी मात्र घेऊ नकोस, कदंबाने, म्हणजे तिथल्या सरकारी बसने जा.

आणि जरा जुनं वाचून जा गं. तू ठाण्याची म्हटल्यावर कोणीतरी चेष्टेत विचारणारच, विलीनीकरणवाली का? १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा. 'गोमन्तक' हा पेपर विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' हा पेपर विरोधात, आणि गंमत म्हणजे महाराष्ट्र नको हे 'राष्ट्रमत' मराठीतूनच सांगत होता, कारण ज्यांचं मत वळवायचं ते मराठी वाचत होते. उदय भेंब्रेंचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातलंच. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणवाले, कौलाआधी त्यांनी राजीनामा दिला, हरले, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं! हे नीट कळलं ना की तिथला मतदार थोडाफार कळतो. बाकी भाऊंचा एक तरी किस्सा तुला प्रत्येक म्हातारा सांगेल. ऐक, पण तपासल्याशिवाय छापू नकोस.

पेपर कोणाचे हेही बघ. 'गोमन्तक' १९६२ ला निघाला तो चौगुल्यांचा, १९६३ चा 'नवहिंद टाइम्स' धेंपोंचा, दोन्ही खाणवाले, आणि भाऊसाहेबही खाणमालकच. एवढ्याशा राज्यात पैसा, सत्ता आणि शाई एकाच आळीत राहायला. आता माणसं बदलली असतील, आळी तीच.

आता माझी एक चूक सांगतो, तुझ्या आईला माहीत नाही. एका गावची ग्रामसभा होती, रविवारची, मी पोचलो उशिरा. दोघंजण म्हणाले सरपंच प्रश्न टाळून पळाला. मी तसंच ठोकून दिलं, फोन केला नाही. खरं सांगायचं तर वेळ नव्हता असं नाही, त्याच्याशी बोलायला अवघड वाटत होतं, आदल्याच महिन्यात त्याच्याकडे जेवलो होतो. तिसऱ्या दिवशी बसमध्ये तोच शेजारी येऊन बसला. पेपरची घडी खिशातून काढली, 'पळाले' या शब्दाखाली निळ्या पेनाने रेघ. सभेच्या वेळी स्वतःच्या आईला हॉस्पिटलात नेलं होतं त्याने. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, "एक फोन तरी करपाचो आशिल्लो." मग माझंही तिकीट त्यानेच काढलं. मला त्या दिवशी कानफटात बसली असती तर बरं वाटलं असतं.

खुलासा छापला, पण सातव्या पानावर, टेंडर नोटिसांच्या खाली. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती पहिल्याच पानावर हवी म्हणून मी भांडायला हवं होतं, नाही भांडलो. तू भांड.

तेव्हा, ज्याच्यावर लिहितेयस त्याला फोन कर, ओळख असेल तर आधी कर. काय म्हणाला ते तारीख-वेळेसकट वहीत लिही, वह्या टाकू नकोस, बदनामीचा खटला आता भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३५६ खाली चालतो आणि वही तिथं कामाला येते. वाढदिवसाच्या जाहिराती येतील, पानभर फोटो, त्या डेस्ककडे वळव, हात लावू नकोस.

पणजीसाठी करमळीला उतर, मडगावपर्यंत झोपून राहू नकोस. छत्री मोठी घे, ही फोल्डिंगवाली तिथं पहिल्याच पावसात उलटी होते. आणि पहिली ग्रामसभा केलीस की कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक, सरपंचाला फोन केला होता का ते मी विचारणार आहे.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा काका